शेवटच्या ओळीतला वारा

२४ एप्रिल १४९८ रोजी वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदरातून निघाली. मालिंदीच्या राजाने सोबत एक जाणता वाटाड्या दिला होता. १८ मेला मलबारचे डोंगर दिसले आणि २० तारखेला कालिकतजवळ नांगर पडला. अख्खा अरबी समुद्र ओलांडायला महिनासुद्धा लागला नाही. परतीच्या वेळी गोष्ट वेगळी झाली. कालिकतच्या झामोरीनशी बिनसले, आणि ऑगस्ट संपता संपता गामाला तिथून निघावे लागले. कारवारसमोरच्या, आज गोव्याच्या अखत्यारीत असलेल्या अंजदीव बेटावर त्याने जहाजांची डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबरला पश्चिमेकडे शिडे उभारली. नैर्ऋत्येचा वारा तोवर ओसरला होता आणि ईशान्येचा अजून धरायचा होता. जहाजे कधी निपचित पडून राहिली, कधी उलट्या वाऱ्याने मागे ढकलली गेली. स्कर्व्हीने खलाशी एकामागून एक मेले. मालिंदी पुन्हा गाठेपर्यंत ७ जानेवारी १४९९ उजाडला. उरलेल्या माणसांत सगळी जहाजे चालवणे शक्य नव्हते, म्हणून ‘साओ राफाएल’ हे जहाज जाळून टाकावे लागले.

जाताना साडेतीन आठवडे, येताना तीन महिने. या वाटेवरच्या गुजराती, अरब आणि मलबारी नाखव्यांना यात नवल वाटले नसते. पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे येतात. इजिप्तहून भारताकडे जुलैत निघावे, हेही त्यात सांगितले आहे. जुलैत निघालेले जहाज तांबडा समुद्र उतरून, एडनचे आखात ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत सप्टेंबर येतो, म्हणजे वाऱ्याची शेपटी हाती लागते. जुन्या दर्यावर्दींची खरी अक्कल इथे दिसते. वारा कुठून येतो हे कोणालाही कळते. त्याचा भर कधी टाळायचा हे कळायला पिढ्या जाव्या लागतात. एप्रिल-मे आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबर ही त्यांची वापरायची टोके, आणि मधले दिवस बंदरात काढायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराबद्दल हेच धोरण आहे: दर्या खवळण्याच्या आधीच तरांडी किल्ल्याच्या आसऱ्याच्या बंदरात छावणीला न्यावीत.

हा वारा म्हणजेच मान्सून. आपण मात्र मान्सून म्हटले की पर्जन्यमापक डोळ्यांसमोर आणतो. किती मिलिमीटर, सरासरीच्या किती टक्के, धरण किती भरले. बातमीपत्रात आधी पाऊस, मग जिल्हानिहाय यलो-ऑरेंज अलर्ट आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. त्या शेवटच्या ओळीत जे असते, त्यामुळेच वरच्या सगळ्या ओळी घडतात.

हा वारा उगम पावतो मादागास्करच्या आग्नेयेला, दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात. तिथे ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचे मोठे क्षेत्र असते, ज्याला मास्कारेन हाय म्हणतात. तिथून निघालेली हवा आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या रूपाने विषुववृत्ताकडे सरकते. इकडे राजस्थान, सिंध आणि अरबस्तानचे वाळवंट मे-जूनमध्ये भट्टीसारखे तापून तिथला दाब खाली गेलेला असतो. दोन टोकांमधला हा फरक हवेला ओढतो. पण ती सरळ उत्तरेला जात नाही. पश्चिमेला केनिया आणि इथिओपियाचे उंच पठार उभे असते. पाटाच्या पाण्याला बांधाने वळण द्यावे, तशी ती हवा या डोंगरकडेला घासत, दाटीवाटीने विषुववृत्त ओलांडते. उत्तर गोलार्धात आल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर सुसाटते आणि सोकोत्रा बेटाजवळून पूर्वेला तोंड करून थेट आपल्याकडे निघते. एडमंड हॅलीने १६८६ मध्ये जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावरून मान्सूनची उपपत्ती मांडली. पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीने वाऱ्यांच्या शास्त्रात आणला. पण या वाऱ्याच्या पोटात एक अरुंद, वेगवान झोत दडलेला आहे, हे कळायला विसाव्या शतकाचे सातवे दशक यावे लागले.

एवढा उशीर का झाला, याचे उत्तर मोजण्याच्या रीतीत आहे. वरच्या हवेचा वारा मोजायची जुनी पद्धत म्हणजे पायलट बलून. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावून त्याचा पाठलाग करायचा. दर मिनिटाला फुगा क्षितिजापासून किती अंश वर आणि कोणत्या दिशेला, हे एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. फुगा कोणत्या वेगाने वर चढतो हे ठरलेले असते. त्यावरून त्रिकोणमितीने प्रत्येक थरातला वारा काढायचा. पद्धत स्वस्त आणि भरवशाची, पण फुगा डोळ्यांना दिसला तरच. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ढग पाचशे-सातशे मीटरवर असतात. फुगा दोन-तीन मिनिटांत ढगात शिरला की निरीक्षकाचे काम संपले. आणि हा झोत असतो सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे नेमका ढगांच्या पोटात. वारा जितका जोरात, तितके ढग दाट आणि तितकी नोंद अपुरी. जे दिवस मोजायला हवेत तेच वहीत कोरे राहत.

ही कोंडी १९६० च्या दशकात फुटली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जगभरची जहाजे आणि विमाने या समुद्रावर आली. मोहिमेचे हवामान केंद्र मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत होते. रेडिओ यंत्रे बांधलेले फुगे ढगांच्या आत जाऊनही बोलू लागले. १९६६ मध्ये भारतीय हवामान खात्याच्या पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रमण यांनी दाखवून दिले की जुलैत दक्षिण भारतावर, जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारा एक झोत असतो आणि त्याचा गाभा ४० ते ६० नॉट, म्हणजे ताशी ७५ ते ११० किलोमीटर वेगाने धावतो. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्रिटिश हवामानतज्ज्ञ जॉन फिंडलेटर यांनी आफ्रिकेकडच्या नोंदी जुळवून पूर्ण वाट उभी केली. मादागास्करच्या उत्तर टोकापासून केनिया, सोमालिया आणि पुढे भारत असा हा एकच प्रवाह निघाला. जगाने त्याला फिंडलेटर जेट किंवा सोमाली जेट म्हटले. जोसेफ-रमण यांचे नाव त्याला लागले नाही. शास्त्रात असे होते. पण मराठी पाठ्यपुस्तकात ‘खारे वारे, मतलई वारे’ शिकवताना या दोन नावांना एक ओळ द्यायला हरकत नव्हती.

हा झोत काय काय करतो, ते नकाशावर पाहण्यापेक्षा जागेवर पाहावे. सोमालियाच्या किनाऱ्यालगत तो समुद्राचे वरचे पाणी ढकलून दूर नेतो आणि त्याच्या जागी खालचे थंडगार पाणी वर येते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही जुलै-ऑगस्टमध्ये तिथले पाणी काही ठिकाणी २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. त्या पाण्याबरोबर क्षारद्रव्ये वर येतात, त्यावर शेवाळ पोसते आणि त्यावर मासे. सोकोत्राच्या लोकांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या या महिन्यांत होड्या वाळूवर ओढून बसावे लागे, कारण बेटाचा बाहेरच्या जगाशी संबंधच तुटत असे. ओमानमध्ये सलालाहचे डोंगर याच वाऱ्याने आणलेल्या धुक्याने हिरवे होतात, आणि आखातात राहणारी आपली मराठी मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ‘खरीफ’ पाहायला जातात.

आपल्याकडे तो सह्याद्रीला धडकतो. महाबळेश्वरची उंची साधारण १३५० मीटर आहे, म्हणजे जुलैत तिथे उभा असलेला माणूस जवळजवळ झोताच्या गाभ्याच्या पातळीवर असतो. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळच्या कावळेसादला दरीत पडणारे पाणी उलटे वर उडते, ते याच वाऱ्याने. कड्यावर आपटलेल्या हवेला वर जाण्यावाचून वाट नसते आणि ती पाण्याची धार सोबत घेऊन चढते. गर्दी त्याचे व्हिडिओ काढते. ठोसेघरच्या वरच्या चाळकेवाडीच्या आणि कोयनेकडच्या वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभारल्या त्याही याच हिशेबाने. त्यांची वर्षाची मुख्य कमाई पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. वीज कंपन्यांना म्हणूनच वाऱ्याचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा जास्त हवा असतो.

आणखी एक गोष्ट ऐकायला उलटी वाटते. हा वारा इतका जोरकस आहे, म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे जवळपास होत नाहीत. खाली पश्चिमेकडून धावणारा हा झोत, आणि वर चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून पश्चिमेला धावणारा दुसरा, पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात दाखवलेला. खालचा आणि वरचा वारा असे विरुद्ध दिशांना ओढत असले की वादळाचा स्तंभ उभाच राहत नाही. म्हणून आपली वादळे या मोसमाच्या दोन उंबरठ्यांवर येतात. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला आले, ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ ला.

‘मान्सून केरळात दाखल’ ही बातमी आपण पावसाची समजतो. हवामान खात्याचे निकष पाहिले तर ती अर्ध्याहून अधिक वाऱ्याची आहे. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, हे खरे. पण तेवढ्यावर भागत नाही. केरळच्या पश्चिमेला समुद्रावर पश्चिमी वाऱ्यांचा थर पुरेसा जाड, म्हणजे सुमारे चार किलोमीटर उंचीपर्यंत हवा. खालच्या थरात वाऱ्याचा वेग १५ ते २० नॉट हवा. आणि ढगांचे आच्छादन उपग्रहाला दिसायला हवे. नुसता पाऊस पडला आणि वारा धरला नाही, तर तो वळवाचा. ही शहाणी अट आहे, कारण वारा धरला की पुढचा पाऊस मागाहून येतोच.

आता अंदाजाकडे. समुद्रावर फुगे सोडायला माणसे नाहीत, म्हणून वारा मोजायचा तो लाटांवरून. उपग्रहातला स्कॅटरोमीटर समुद्रावर रडारचे स्पंद टाकतो. वाऱ्याने पाण्यावर उठवलेल्या बारीक, सेंटिमीटरभराच्या तरंगांवरून ते परत येतात आणि त्यांच्या ताकदीवरून वेग आणि दिशा काढता येते. इस्रोने २००९ मध्ये ओशनसॅट-२, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ओशनसॅट-३ यासाठी वर पाठवले. यातही दुखणी आहेत. मुसळधार पावसात रडारच्या स्पंदांची गफलत होते. किनाऱ्यालगतच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये जमिनीचा परतावा मिसळून आकडा बिघडतो. आणि मच्छीमारांच्या बहुतेक लहान होड्या नेमक्या याच पट्ट्यात असतात.

या नोंदी महासंगणकावरच्या प्रारूपांत जातात. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ती बनवली आहे. आधीच्या प्रारूपात चौकटी १२ किलोमीटरच्या होत्या, आता ६ किलोमीटरच्या आहेत. पण चौकटीच्या आकड्याइतकेच महत्त्व वाऱ्याचा स्वभाव कळण्याला आहे. हा झोत अखंड वाहत नाही, त्याला उमाळे येतात. जोरात असतो तेव्हा गाभा कोकण ते आंध्र अशा पट्ट्यावरून देश ओलांडतो. पावसात खंड पडतो तेव्हा तोच गाभा खाली सरकून कन्याकुमारीच्या दक्षिणेने निघून जातो. जोसेफ यांनीच पुढे, २००४ मध्ये, एस. सिजीकुमार यांच्यासह दाखवले की बंगालच्या उपसागरावर मोठे ढग जमून बरसू लागले की दोन-तीन दिवसांनी या झोताला जोर चढतो. पारादीपसमोर पाऊस सुरू झाला की देवगडच्या तांडेलाने परवाच्या वाऱ्याची तजवीज करावी, इतका हा धागा सरळ आहे. एखाद्या तालुक्यात उद्या किती पाऊस पडेल हे सांगणे अवघड. पण अरबी समुद्रावर चार दिवसांनी वारा चढेल की उतरेल, हे आज बऱ्याच विश्वासाने सांगता येते. मोठ्या प्रवाहांचा अंदाज नेहमीच सरींच्या अंदाजापेक्षा सोपा असतो.

मग अडते कुठे? शेवटच्या काही मैलांत आणि शेवटच्या काही तासांत. पत्रकात लिहिलेले असते: ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत. हा आकडा शेकडो किलोमीटरच्या किनारपट्टीचा आहे. होडी बुडते ती खाडीच्या तोंडाशी, जिथे ओहोटीचे पाणी बाहेर जात असते, समोरून वारा आत रेटत असतो आणि वाळूच्या दांड्यावर लाट उभी राहून फुटते. सरासरी वारा तोच असला तरी भरतीच्या वेळी आत येता येते आणि तीन तासांनी येता येत नाही. शिवाय मोठी सर कोसळते तेव्हा वरच्या थरातली वेगवान हवाही पावसाबरोबर खाली ओढली जाते. सरीच्या आधी येणारा तो झपाटा पत्रकातल्या सरासरीत नसतो.

१७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्या होती, माणसे घरी निघाली होती. पल्ला जेमतेम दीड तासाचा आणि समुद्रही बंदरालगतचाच. काशाच्या खडकाजवळ एका लाटेने बोट कलली, माणसे एका अंगाला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तारीख पाहा: झोताच्या ऐन भराची, आणि अमावास्येच्या उधाणाची. या दोन्ही गोष्टी पंचांगात आणि नकाशात आधीपासून होत्या. आज गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि रो-रो फेऱ्याही समुद्र पाहून रद्द होतात. त्यावर दरवर्षी होणारी प्रवाशांची कुरकुर मला पटत नाही.

बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागणे ही कोकणातली जुनी बातमी. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या खुणांमध्ये तीन म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. हल्ली इशारे फोनवर येतात, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडून लाटांच्या उंचीचाही अंदाज मिळतो. त्याचा उपयोग होतो, हे देवगडला दिसते. तिथले बंदर डोंगराच्या आडोशाला आहे. ऑगस्टमध्ये वारा चढला की गुजरात, कर्नाटक आणि रत्नागिरीकडच्या नौका तिथे आसऱ्याला येतात आणि खाडी नौकांनी भरून जाते. पण डिझेल जाळून बाहेर गेलेली नौका रिकामी परत येते आणि खलाशांचा खर्च नाखव्याच्या अंगावर पडतो.

याचे मूळ तारखांत आहे. महाराष्ट्रात यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीसाठी आणि वादळी हवेपासून संरक्षणासाठी. १ ऑगस्टला बंदी उठते, पण वारा सरकारी परिपत्रक वाचत नाही. पहिल्या पंधरवड्यात तो बहुधा जोरातच असतो. पूर्वी बंदी उठण्याची तारीख नारळी पौर्णिमेशी जोडलेली होती. पुष्कळ जण म्हणतात, तेच बरे होते, बापजाद्यांना समुद्र कळत होता. मला हे अर्धेच मान्य आहे. नारळी पौर्णिमा २०२० मध्ये ३ ऑगस्टला आली आणि २०२३ मध्ये, अधिक श्रावणामुळे, ३० ऑगस्टला. वारा चंद्र पाहूनही चालत नाही. पौर्णिमेचा अंदाज सरासरीने चांगला होता, एखाद्या वर्षापुरता तो सुटतोच. दुसऱ्या टोकाला २०२५ चे उदाहरण आहे. २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत मान्सून पोचला, मुंबईत तर आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर. बंदी सुरू व्हायला तेव्हा अजून आठवडा होता. होड्या शाकारायच्या राहिल्या होत्या, सुकत घातलेली मासळी भिजली, आगोटीची बेगमी अर्धवट पडली.

पुढे हा बेभरवसा वाढण्याचीच चिन्हे आहेत. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्या. त्यामागे अरबी समुद्रावरच्या या वाऱ्यांची वाढलेली चढउतार आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तापत्या जगात हा झोत उत्तरेकडे सरकेल, असे हवामान प्रारूपे सांगतात. तसे झाले तर गोव्या-केरळच्या वाट्याचा जोर कोकण-गुजरातच्या वाट्याला येईल.

तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्याला एवढेच सुचवावेसे वाटते. विणीसाठी ६१ दिवसांची बंदी ठेवा, ती तारखेवरच असावी. पण सुरक्षेसाठीची बंदी तारखेवरून सोडवून वाऱ्याच्या अंदाजावर बांधा. मेअखेर आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दर तीन दिवसांनी, एकेका बंदराचे नाव घेऊन आणि भरती-ओहोटीच्या वेळेसह, मराठीत सांगा की पुढच्या तीन दिवसांत कोणत्या दिवशी बाहेर पडता येईल आणि कोणत्या दिवशी नाही. ज्या दिवशी नाही म्हणाल, त्या दिवसाची खलाशाची मजुरी द्या. शास्त्र तेवढे पुढे गेलेले आहे, आणि त्यासाठी नवा उपग्रह सोडावा लागणार नाही.